कवळ्यांच्या फोल्डरचा मालक

मित्रांनो, मी एक जुना फोल्डर आहे. एवढे एक वाक्य मी ठामपणे सांगू शकतो. यापुढच्या प्रत्येक वाक्याबद्दल माझ्या मनात थोडा गोंधळ आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

फोल्डर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पुठ्ठ्याचा, कोपरे दुमडलेला, लाल फितीने बांधलेला कोणीतरी आला असेल. तो मी नव्हे. तो फार तर माझा चुलता. मी संगणकातला फोल्डर. मला पुठ्ठा नाही, फीत नाही, वजनही नाही. "मग तुला ऐकू कसे येते? दिसते कसे?" असे तुमच्यातला एखादा चौकस विचारील. मित्रांनो, आजवर फाटक्या छत्रीने, गंजलेल्या सायकलीने आणि शाळेच्या घंटेने तुम्हाला आपापली कहाणी सांगितली. तेव्हा तुम्ही "आधी कान दाखवा" म्हणालात का? मग माझ्याच वेळी एवढी चौकशी कशाला?

माझे नाव "कवळ्या". नाव जसे आहे तसेच पोट. माझ्या पोटात दात आहेत. वरचे, खालचे, पूर्ण, अर्धवट, आणि एका गृहस्थांचा नुसताच एक सुळा.

माझा जन्म एका घराच्या मागच्या खोलीत झाला. त्या खोलीत अण्णा कवळ्या बनवत. फळीवर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीने मांडलेले असत. ते कोणावर तरी एकदम हसत आहेत असे वाटे. मेणाचा वास, पॉलिशच्या चाकाची घरघर, आणि खिडकीशी एक उंच स्टूल. अण्णांचा मुलगा बोटीवर इंजिनिअर, तो घरी कमी आणि फोनवर जास्त. त्याची बायको, म्हणजे सूनबाई, लग्नानंतर एकदा सहज अण्णांच्या मदतीला म्हणून या खोलीत आल्या आणि मग बाहेर पडल्याच नाहीत. त्यांनीच हा संगणक आणला, त्याच्याशेजारी दात कोरणारे यंत्र आणले, आणि संगणक चालवणारी लिनक्स नावाची व्यवस्था बसवली.

"अण्णा, ही कोणीही वापरावी. कोणाची परवानगी लागत नाही," असे सूनबाईंनी तेव्हा सांगितले होते. पुढे याच व्यवस्थेत ऊठसूट परवानगी मागावी लागते हे अण्णांना कळले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

आता ही परवानगीची भानगड तुम्हाला समजावली पाहिजे, म्हणजे मलाही एकदा समजेल. प्रत्येक फोल्डरच्या दारावर एक पाटी असते. पाटीवर तीन ओळी. मालकाने काय करावे, मालकाच्या मंडळातल्यांनी काय करावे, आणि बाकीच्या जगाने काय करावे. करण्यासारख्या गोष्टीही तीनच. आत काय आहे ते पाहणे, त्यात बदल करणे, आणि उंबरा ओलांडून आत येणे. माझ्या पाटीवर मालकाला तिन्ही गोष्टींची मुभा होती आणि बाकी सगळ्यांना ठेंगा होता. ते योग्यच होते. माणसाचे तोंड ही खासगी बाब आहे. आमच्या गल्लीत ताठ मानेने हसणाऱ्या कितीजणांचे हसू माझ्या पोटात आहे, हे बाहेर कळले तर हसण्याची पंचाईत व्हायची.

आणखी एक गोष्ट. आम्ही फोल्डर माणसांना नावाने ओळखत नाही. आम्ही ओळखतो नंबराने. संगणकात ज्याचे खाते पहिले उघडते तो हजार नंबर, दुसरा एक हजार एक, तिसरा एक हजार दोन. पाटीवर खरा लिहिलेला असतो तो नंबर. तुम्ही माणसे पाटी बघायला आलात की व्यवस्था त्या नंबराला नाव चिकटवून तुमच्यापुढे धरते. पहिले खाते सूनबाईंचे होते. त्या माझ्या मालकीण. हजार नंबर आला की दार उघडायचे, एवढे एकच काम मला शिकवलेले होते आणि ते मी इमानाने करत होतो.

माझ्या शेजारी अण्णांचा फोल्डर होता. सूनबाईंना काम करताना बघून अण्णा एकदा म्हणाले होते, "आमचंही एक खातं असू द्या की." ते झाले दुसरे, म्हणजे एक हजार एक. त्या फोल्डरात काय होते हे मला ठाऊक नव्हते. दुपारी घर झोपले की अण्णा खोलीचे दार लावून घेत, संगणकापुढे बसत, आणि नंतर बराच वेळ खाकरत. शेजाऱ्याच्या घरात डोकावू नये म्हणून मी कधी विचारले नाही.

ते दिवस कौतुकाचे होते. सूनबाई रोज सकाळी मला उघडत. माझ्यात त्यांचा सगळ्यात आवडता दात म्हणजे फुंकरकाकांचा.

फुंकरकाका बागेतल्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. क्लॅरिनेटचे टोक वरच्या पुढच्या दातांखाली धरावे लागते, आणि काकांचे वरचे दात गेलेले. पहिली कवळी फुंकर मारली की जागची हलायची. मग सूनबाईंनी त्यांना वाद्यासकट स्टुलावर बसवले. काकांनी एक सूर लावायचा, सूनबाईंनी दातांच्या कडेला किंचित खाच द्यायची, काकांनी पुन्हा सूर लावायचा. "जरा डावीकडे. हां. अजून केसभर." असे कित्येक दिवस चालले. शेवटी एका संध्याकाळी तो सूर असा लागला की पॉलिश करत असलेल्या अण्णांनी चाक बंद केले. त्या कवळीचे माप, खाचेसकट, सूनबाईंनी माझ्यात ठेवले. जगात ते दुसरीकडे कुठेही नव्हते. मला त्याचा गर्व होता, असे म्हटले तर चालेल.

मग एक दिवस संगणकातली एक डिस्क गेली. घाबरू नका, मी त्या डिस्कवर नव्हतो. तिच्यावर सगळी व्यवस्था होती. आम्ही फोल्डर शेजारच्या डिस्कवर सुखरूप होतो. पण व्यवस्था नव्याने बसवायला हवी होती, आणि ते करायला आले जावईबापू.

जावईबापू म्हणजे अण्णांच्या मुलीचे यजमान. अत्यंत सालस माणूस. कुठल्याही कामाला "सोपं आहे" म्हणून सुरुवात करायची त्यांना सवय होती, आणि ते काम अवघड कधी झाले हे त्यांच्या कधी लक्षात येत नसे. नवी डिस्क बसली. पडद्यावर पहिल्या खात्याचे नाव विचारणारी चौकट आली.

"माझं लिहा, भावोजी," सूनबाई म्हणाल्या. "वापरणारी मीच."

जावईबापूंनी हात किबोर्डवरून उचलले. "छे छे, वहिनी. असं कसं? घरात वडील माणसं असताना तुमचं आधी? आधी अण्णा. मग माई. मग तुम्ही."

माई म्हणजे अण्णांच्या पत्नी. त्या दारात उभ्या होत्या. "मला कशाला मेलं खातं? मला पत्त्यांचा डाव लावून द्या, झालं."

"डावाला पण खातं लागतं, माई."

"आता पत्ते खेळायलाही नाव नोंदवायचं? बरं, लावा."

सूनबाई चहा टाकायला उठल्या. अण्णांनी आतून "अहो कशाला, कशाला" असे म्हटले. पण "नको" असे म्हटले नाही. अशा रीतीने सगळ्यांचा मान राखला गेला आणि चहा झाला.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला गोंधळ इथून सुरू होतो. पण तेव्हा मला त्याचा पत्ताही नव्हता. माझ्या पाटीवर हजार होते ते हजारच राहिले. कोणी काही पुसले नाही, कोणी काही लिहिले नाही.

त्यानंतर आठवडाभर सूनबाई बाहेरगावी होत्या, आणि अण्णांचा घसा बसला होता. खोली शांत होती. माई तेवढ्या रोज एक डाव खेळत आणि हरल्या की संगणकाला दोष देत. ज्या दुपारी सूनबाई परत आल्या, त्याच दुपारी फुंकरकाका धावत आले. तोंडावर रुमाल. हातात दुसरा रुमाल, आणि त्यात कवळी, किंवा तिचे जे काही उरले होते ते.

"बहिणीचा कुत्रा," काका म्हणाले. दात नसलेल्या माणसाच्या बोलण्यात वारा फार असतो, म्हणून मी नीट करून सांगतो. "मी तोंड धुवायला गेलो आणि त्याने चावली."

"तुम्हाला?" माईंनी विचारले.

"कवळीला!"

माईंनी पदर तोंडाला लावला. हसू दाबायला की कळवळ्याने, ते मला कळले नाही.

पण सूनबाई हसल्या नाहीत, कारण उद्या काय आहे हे त्यांना ठाऊक होते. बागेतला बँडचा चौथरा पाडून तिथे गाड्या लावायची जागा होणार होती. उद्या संध्याकाळी बँड तिथे शेवटचा वाजणार होता, आणि मधला एकट्याने वाजवायचा भाग काकांचा होता. त्यांनी तो उभ्या आयुष्यात एकदाच मागून घेतला होता.

"बसा काका," सूनबाई म्हणाल्या. "माप आहे माझ्याकडे. खाचेसकट. संध्याकाळच्या आत यंत्राला लावलं, की सकाळी अण्णा पॉलिश करतील. उद्या दुपारी तुमच्या तोंडात."

काका स्टुलावर टेकले. सूनबाई माझ्या दारी आल्या.

त्यांची पावले मी ओळखली. म्हणजे, ओळखली असे मला वाटले. मी नेहमीप्रमाणे विचारले, नंबर? आणि उत्तर आले, एक हजार दोन.

मित्रांनो, मी गडबडलो. माणूस तेच, बोटे तीच, घाईही तीच. नंबर मात्र परका. मी पुन्हा विचारले. पुन्हा एक हजार दोन. मला शिकवलेले काम एकच. मी दार उघडले नाही. माझ्या अंगावर एक छोटेसे कुलूप उमटले आणि पडद्यावर अक्षरे आली: परवानगी नाही.

"हे काय?" सूनबाई म्हणाल्या. त्यांनी माझी पाटी मागवली. व्यवस्थेने हजार नंबराला नाव चिकटवले आणि त्यांच्यापुढे धरले. मालक: अण्णा.

खोलीत घरघर चालू होती. अण्णा खिडकीशी एका कवळीला पॉलिश करत होते. सूनबाई न वळता म्हणाल्या, "अण्णा, हे तुमच्या नावावर कधी झालं?"

"काय?"

"कवळ्यांचा फोल्डर. माझा. आता मालक म्हणून तुमचं नाव आहे, आणि मला आत जाता येत नाहीये."

"माझं?" अण्णांनी चाक थांबवले. "अगं, मला ते नावावर कसं करून घ्यायचं तेही धड येत नाही."

"मी नव्हते आठवडाभर." सूनबाईंचा आवाज हळू झाला. तो मोठा झाला असता तर बरे झाले असते. "वर्कशॉप तुमचंच आहे, अण्णा. तुम्ही मागितला असता तर मी दिला असता. असं न सांगता घ्यायला नको होतं."

अण्णांनी हातातली कवळी खाली ठेवली. एप्रन सोडला, खिळ्याला अडकवला, आणि खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

फुंकरकाका एकदा बाहेर अण्णांकडे, एकदा सूनबाईंकडे बघत होते. आपल्या दातांवरून घर फुटते की काय, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता. आणि मी? मी आतल्या आत ओरडत होतो की पाटी कोणीही बदललेली नाही, हजारचे हजारच आहे! पण आमची ओरड पडद्यावर येत नाही. पडद्यावर फक्त "परवानगी नाही" येते.

माईंनी फोन करून जावईबापूंना बोलावले. ते आले, वाकून बघितले आणि म्हणाले, "सोपं आहे. अण्णांच्या नावावर आहे ना? मग अण्णांनी उघडून द्यावं. अण्णा, या बरं, जरा तुमचा पासवर्ड घाला."

"मी हात लावणार नाही," बाकावरून आवाज आला.

"अहो, एकदाच."

"आणि उघडलं की काय म्हणाल? बघा, यांना उघडता येतं, म्हणजे यांनीच केलं. नको. मी या खोलीत दात घासायलासुद्धा येणार नाही."

या वाक्यात काहीतरी चूक आहे असे सगळ्यांना वाटले, पण कोणी दुरुस्त केले नाही.

"राहू दे," जावईबापू म्हणाले. "माझ्याकडे दुसरा उपाय आहे." ते सूनबाईंच्या खात्यात बसले, काळ्या चौकटीत काहीबाही लिहिले, आणि रूटला बोलावले.

रूट म्हणजे आमचे मोठे साहेब. प्रत्येक लिनक्समध्ये ते असतातच. त्यांना पाटी लागू नाही, कुलूप लागू नाही. ते दार वाजवत नाहीत. त्यांना दार असते हेच माहीत नसते. जावईबापूंनी त्यांना एकच हुकूम दिला: सात-सात-सात. म्हणजे मालकाला सगळे मोकळे, मंडळाला सगळे मोकळे, जगाला सगळे मोकळे. दुखणे कुठलेही असो, जावईबापूंच्या पेटीत हीच एक गोळी होती.

मी एका क्षणात चव्हाट्यावर आलो. तीनही ओळींत सगळी मुभा! आयुष्यभर ज्या तोंडांची अब्रू राखली, त्यांची नावे आता कोणीही यावे आणि वाचावीत. गल्लीतले ते ताठ मानेने हसणारे, ते एका सुळ्याचे गृहस्थ, सगळे उघड्यावर. मला झाकायला हात नाहीत, हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले.

"उघडलं!" जावईबापू म्हणाले. "बघा, फुंकरकाकांची फाइल. आता ही अशी उघडायची, की... अरेच्चा."

पडद्यावर पुन्हा तेच. परवानगी नाही.

त्याचे असे आहे, की साहेबांनी फक्त माझे दार मोकळे केले होते. आतल्या प्रत्येक फाइलीला स्वतःची पाटी असते, आणि त्या पाट्यांना त्यांनी हात लावला नव्हता. जगाला दिवाणखान्यात येता येत होते, पण कपाटे बंदच होती. जावईबापूंनी उजवे बटण दाबले, डावे दाबले, दोन्ही दाबली.

"वाचता येत नाहीये. गंमत बघा हं, पुसता मात्र येईल असं दाखवतंय."

"काय येईल?" सूनबाई म्हणाल्या.

"पुसता. आपण असं करू, ही इथून काढून टाकू आणि मग परत..."

हे खरे होते, मित्रांनो, आणि हे आमच्या जगातले सगळ्यात चमत्कारिक सत्य आहे. ज्याला घराचे दार मोकळे, त्याला आतले कपाट उघडता आले नाही तरी ते उचलून रस्त्यावर फेकता येते. जावईबापूंचे बोट त्या बटणावर होते. ती खाच, तो डावीकडे केसभर सरकलेला सूर, एका बोटाच्या अंतरावर होता.

सूनबाईंनी त्यांचे मनगट धरले.

"हात काढा, भावोजी."

"अहो वहिनी, परत टाकू ना लगेच."

"कुठून टाकणार? दुसरीकडे नाहीये ती. हात काढा." जावईबापूंनी हात काढला. "आता कोणीही काहीही लिहायचं नाही. हे झालं कसं, ते आधी कळू दे."

कळायचे कसे, हा मोठा प्रश्न होता. सूनबाई काकांसाठी पाणी आणायला आत गेल्या; डोळे धुवायलाच गेल्या असाव्यात. जावईबापू अंगणात जाऊन फोनवर कोणाला तरी "सोपं होतं हो" असे सांगू लागले. काका दोन्ही रुमाल मांडीवर ठेवून खिडकीबाहेरचे ऊन मोजत होते. ऊन भिंतीवर चढत चालले होते.

माई खुर्चीत येऊन बसल्या. "तुमचं काही होत नाहीये, तोवर माझा एक डाव होईल," असे त्या कोणालाच उद्देशून म्हणाल्या आणि आपल्या खात्यात शिरल्या. जावईबापूंनी पडदा इकडेतिकडे करून ठेवला होता. माईंना पत्ते सापडेनात. शोधता शोधता त्या आमच्या डिस्कवर आल्या.

"हे काय? 'अण्णा'? यांचं काय असतं बाई इथे?"

आणि त्यांनी माझ्या शेजाऱ्याचे दार ढकलले. ते उघडले.

मी चाट पडलो. ज्या दाराला अण्णांशिवाय कोणी कधी शिवले नव्हते, ते माईंना पाहून सरळ उघडले. एक कुलूप नाही, एक सवाल नाही. आत ओळीने फाइली होत्या: गाणे, पुन्हा गाणे, बरे गाणे, जास्त बरे गाणे. माईंनी "जास्त बरे गाणे" दाबले.

खोलीत अण्णांचा आवाज भरला. आधी खाकरणे. मग जरा वेळ काहीच नाही. मग गाणे. संथ, थोडे कापरे, एका जागी अडखळून परत सुरुवातीपासून. माईंचा हात तसाच हवेत राहिला.

"सूर खरा आहे," फुंकरकाका म्हणाले. "वरचा तेवढा उतरतो."

बाहेरच्या बाकावरून अण्णा उठून दारात आले. खोलीत पाय न ठेवण्याची त्यांची शपथ उंबऱ्याशी आडवी आली. "बंद करा ते! माझं आहे ते! कोणी उघडलं?"

"थांबा हो," माई म्हणाल्या. "मी ऐकतेय."

सूनबाई पाण्याचा पेला घेऊन धावत आल्या आणि दोन पावलांवर थबकल्या. "माई, हे तुम्ही तुमच्या खात्यातून उघडलंत? अण्णांचा फोल्डर?"

"मी काही फोडलं नाही हं. ढकललं, उघडलं."

"त्याची पाटी दाखवा बघू. मालक कोण आहे?"

पाटी आली. मालक: माई.

"हिच्या नावावर?" अण्णा उंबऱ्यावरून ओरडले. "माझं गाणं हिच्या नावावर कोणी केलं?"

"तेच तर, अण्णा," सूनबाई हळूच म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आता वेगळेच काहीतरी होते. "ज्याने माझा फोल्डर तुमच्या नावावर केला, त्यानेच."

सगळ्यांनी जावईबापूंकडे पाहिले. ते फोन कानाला लावून नुकतेच आत येत होते.

"मी? मी तर फक्त मान..." ते म्हणाले आणि थांबले.

सूनबाईंनी फळीवरून प्लास्टरचे दोन जबडे काढून टेबलावर ओळीने ठेवले. "हा पहिला, मी. हा दुसरा, अण्णा. जुन्या संगणकात असं होतं. आमच्या फोल्डरांवर नाव नाही लिहिलेलं. पहिला, दुसरा, असा नंबर लिहिलेला आहे." मग त्यांनी पहिला जबडा उचलला, अण्णांचा पुढे सरकवला, त्याच्यामागे एक नवा जबडा ठेवला, आणि आपला सगळ्यात शेवटी. "आता अण्णा पहिले. माई दुसऱ्या. मी तिसरी. पहिल्याचं ते अण्णांना गेलं, दुसऱ्याचं ते माईंना. कोणी कोणाचं घेतलं नाही. आपल्या जागा तेवढ्या बदलल्या."

"आणि तिसऱ्याचं?" काकांनी विचारले.

"तिसऱ्याचं जुन्या संगणकात काही नव्हतंच. म्हणून मला काही नाही."

जावईबापू त्या तीन जबड्यांकडे बघत होते. तिन्ही जबडे त्यांच्याकडे बघून हसत होते. "म्हणजे मी वहिनींना आधी बसवलं असतं तर..."

"तर आत्ता चहा पीत बसला असता," माई म्हणाल्या.

पुढचे फार भराभर झाले. सूनबाईंनी काळ्या चौकटीत एक ओळ लिहिली आणि मोठ्या साहेबांना बोलावले. साहेब आले, पण यावेळी त्यांना नीट समजावून पाठवले होते. दाराची पाटी, आणि आतल्या एकेका कपाटाची पाटी, हजार पुसून एक हजार दोन. मग सूनबाईंनी ते सात-सात-सात काढले आणि बाकीच्या जगाची ओळ पुन्हा कोरी केली. मला अंगावर शाल पडल्यासारखे वाटले.

मधल्या ओळीवर मात्र त्या थांबल्या. "अण्णा, मी एक मंडळ करते. तुम्ही आणि मी. तुम्हालाही आत येता येईल, बघता येईल."

"मी काय करू आत येऊन?"

"दात बघा. माझं कुठे चुकलं तर सांगा." आणि मग, पडद्याकडेच बघत, "मघाशी मी बोलले ते..."

"एप्रन दे तो खिळ्यावरचा," अण्णा म्हणाले, आणि उंबरा ओलांडून आत आले.

ऊन खिडकीच्या वरच्या काचेवर होते तेव्हा यंत्र सुरू झाले. सकाळी अण्णांनी ती कवळी चाकावर धरली, आणि खाचेपाशी आले की दर वेळी चाक थांबवून नुसत्या अंगठ्याने घासली. दुपारी काकांनी ती तोंडात बसवली, क्लॅरिनेट जोडले, डोळे मिटले. खोलीत एक लांब सूर उठला. खिडकीची काच त्याने थरथरली. काका थांबले, जिभेने खाच चाचपली आणि म्हणाले, "हां. डावीकडे, केसभर. आहे." मग त्यांनी रुमालाने डोळे पुसले. तोंडासाठी आता रुमाल लागत नव्हता.

संध्याकाळी घर रिकामे झाले, कारण सगळे बागेत गेले. मी बागेत जाऊ शकत नाही. पण रात्री परत आल्यावर जावईबापू दारातूनच सांगत होते, की काकांचा भाग संपला तेव्हा लोक टाळ्या वाजवायचे विसरले, आणि मग थांबायचे विसरले. त्यात "सोपं" हा शब्द एकदाही आला नाही.

तर मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती. बंद दार दिसले की लगेच सात-सात-सात करून ते सगळ्या जगाला मोकळे करू नका. आत कोणाची तरी लाज ठेवलेली असते. आधी पाटी वाचा. आणि पाटीवर एखाद्याचे नाव दिसले म्हणून त्याच्यावर आळ घेण्याआधी, ते नाव तिथे आले कसे, हेही विचारा. पाटीवर नाव तेवढे दिसते. त्यामागची गोष्ट पाटीवर मावत नाही.

माझा गोंधळ मात्र अजून संपलेला नाही. त्या दिवशी साहेब परत जायच्या आधी सूनबाईंनी विचारले होते, "माई, अण्णांचा फोल्डरही परत त्यांच्या नावावर करून टाकू ना?"

माईंनी मान हलवली. "राहू दे."

"अहो, माझं गाणं आहे ते," अण्णा म्हणाले.

"इतकी वर्षं दार लावून गायलात तेव्हा होतं तुमचं," माई म्हणाल्या. "आता माझ्या नावावर आहे. बघा हवं तर पाटी."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

आता दुपारी खोलीचे दार उघडे असते. माई आपल्या खात्यात डाव मांडतात आणि शेजारच्या फोल्डरातले गाणे लावतात. अण्णा पॉलिश करता करता वरच्या सुरापाशी आले की चाक थांबवून ऐकतात आणि तोंड वाकडे करतात. गाणारा एक, मालक दुसरी, नंबर तिसऱ्याच कारणाने पडलेला. माझ्या शेजाऱ्याच्या पाटीवर सरळसरळ चुकीचे नाव आहे. त्याला मी अनेकदा विचारले, की अरे, तू नक्की कोणाचा? तो उत्तर देत नाही. माई आल्या की दार तेवढे उघडतो.